भिंगरीची खुर्ची

भिंगरी टीव्हीवर यायची, पण सबंध कधीच यायची नाही. कधी नुसता बूट यायचा, कधी गुडघा, फारच नशीब असेल तर मांडीवर ठेवलेला हात. बॅडमिंटनचा सामना दाखवणाऱ्यांना खेळाडूंचा घाम दाखवायचा असतो. कोपऱ्यात खुर्चीवर बसून रेषेकडे टक लावणाऱ्या पोरीशी त्यांना काय देणंघेणं? काकू आणि काका मात्र ताटं हातात घेऊन त्या कोपऱ्याचीच वाट बघत बसायचे. "आला, आला! डावा बूट!" काकू ओरडायच्या, आणि काका घास हातात तसाच धरून पडद्याकडे झुकायचे. सामना कोण जिंकलं असं विचारलं असतं, तर दोघांनाही सांगता आलं नसतं.

भिंगरी ही त्यांची एकुलती एक लेक. दुसऱ्या गावी शाळेत खेळ शिकवायची. लहानपणी एका जागी बूड टेकत नसे म्हणून हे नाव पडलं, आणि मोठेपणी नाद कसला लागला, तर एका जागी न हलता बसण्याचा. मोठमोठ्या स्पर्धांत ती लाइन जज म्हणून जायची. शटल रेषेच्या आत पडलं की बाहेर, एवढंच सांगायचं. आत पडलं तर चकार शब्द न काढता हात रेषेकडे करायचा. बाहेर पडलं तर 'आऊट' असं मोठ्यानं ओरडून दोन्ही हात आडवे पसरायचे. आणि दिसलंच नाही तर दोन्ही हातांनी डोळे झाकायचे. बास. काकूंना वाटायचं, एवढंसं तर काम. पण स्पर्धेहून घरी आली की पोरगी डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून आडवी व्हायची.

काकांचं चौकात सलून होतं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या मानगुटी बघितल्या आणि त्या मानगुटींशी गप्पा मारल्या. बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. गिऱ्हाईक केस कापायला कमी आणि काकांच्या थापा ऐकायला जास्त येतं, असं काकू म्हणायच्या. मग एका सकाळी झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि वाचा पूर्ण गेली. बोलायला जावं तर तोंडातून भलतेच आवाज निघायचे, आणि ते ऐकून सगळ्यात आधी त्यांनाच रडू यायचं. भेटायला येणारी शहाणी माणसं त्यांच्याशी बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडून बोलायची.

तेव्हा भिंगरी रजा काढून आली आणि बापासमोर खुर्ची टाकून बसली.

"बाबा, बोलू नका. आजपासून माझी नोकरी तुम्ही करायची. हो म्हणायचं असेल तर इन, बोट जमिनीकडे. नाही म्हणायचं असेल तर आऊट, हात आडवा."

काकांनी डावा हात आडवा केला आणि मेलेल्या उजव्या हाताकडे बघितलं.

"एका हाताचा आऊट चालेल," भिंगरी म्हणाली. "आपल्या घरात पंच तक्रार करणार नाही. आणि माहीत नसेल तर डोळे झाकायचे. त्याला लाजायचं नाही हं, बाबा. मला दिसलं नाही, हे सांगणं हाही निकालच असतो. मग दुसरं कुणीतरी बघतं. तेवढ्यासाठी तर बाकीचे असतात."

घराचा कारभार त्या खुणांवर सुरू झाला. मीठ बरोबर आहे का? इन. दूध हवं का? आऊट. समोरच्या बाईचा नवरा खरंच परत आलाय का? डोळे झाकले. एकदा काकूंनी, विचारू नये ते विचारलं. "पुन्हा बोलाल ना हो तुम्ही?" काकांनी डावा तळवा डोळ्यांवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. काकूंनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

वर्ष होत आलं तरी काका घराबाहेर पडले नव्हते. वाकडं तोंड आणि ओढता पाय घेऊन ज्या चौकात राज्य केलं त्या चौकातून जायचं त्यांच्या जिवावर यायचं. काकूंनी आग्रह सोडून दिला होता.

अशात भिंगरीची निवड मोठ्या शहरातल्या इनडोअर स्टेडियममध्ये होणाऱ्या स्पर्धेसाठी झाली, तीही थेट अंतिम सामन्याच्या खुर्चीवर. जाण्याआधी ती एक दिवस घरी आली. चहा झाल्यावर तिनं टेबलावरच कोर्ट मांडलं. साखरेचा डबा म्हणजे उंच खुर्चीवरचे पंच. दोन्ही टोकांना कपबशा, ते बाकीचे लाइन जज. मिठाची डबी तिनं आपल्या बाजूला ठेवली.

"ही मी. पंच माझ्या डाव्या हाताला. त्या दिवशी माझी खुर्ची हीच, बदलायची नाही."

काकू टेबलाच्या पलीकडे बसल्या होत्या. त्यांनी मनात पक्की गाठ मारली : पंच डाव्या हाताला.

"आम्ही आलो तर?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नको गं, आई." भिंगरीचा चेहरा पडला. "ओळखीचं कुणी समोर दिसलं की डोळा हलतो. आणि आमचा डोळा हलला की दुसऱ्याचा पॉइंट जातो. शिवाय बाबांना तो प्रवास, त्या पायऱ्या... टीव्हीवर बघा ना."

"टीव्हीवर तुझा बूट दिसतो," काकू म्हणाल्या.

भिंगरी हसली आणि डोळे पुसत कपबशा गोळा करायला लागली.

ती गेल्यावर संध्याकाळी स्पर्धेचा पहिला दिवस लागला. बूटसुद्धा दिसला नाही. काकूंनी कंटाळून टीव्ही बंद केला, तेव्हा काकांनी आधी काळ्या पडद्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग दाराकडे.

"जायचं?" काकूंचा कानांवर विश्वास बसेना, आणि इथे तर कानांचा काही संबंधही नव्हता. "अहो, तिकडे? तिला बघायला?"

काकांचं बोट जमिनीकडे गेलं. इन.

आता काकूंना कोण अडवणार? दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी स्टेडियमच्या चौकशीचा फोन लावला. पलीकडे एक तरुण, हसऱ्या आवाजाची मुलगी होती.

"काकू, मधल्या स्टँडमध्ये छान जागा आहेत. सगळं कोर्ट दिसेल."

"मला कोर्ट नको. मला खुर्ची दिसायला हवी."

"खुर्ची? तुमच्या सीटची का?"

"माझ्या सीटचं काय बघायचंय? कोपऱ्यातली खुर्ची, लाइन जजची. माझी मुलगी आहे ती."

मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "इतक्या वर्षांत खुर्ची बघायला कुणी तिकीट मागितलं नव्हतं हो. सांगा, कुठल्या बाजूची?"

"पंच माझ्या डाव्या हाताला हवेत. मी समोर बसणार, म्हणजे तिचा चेहरा दिसेल."

तेवढ्यात काकूंची नजर काकांकडे गेली. काका खुर्चीतून अर्धे उठले होते आणि डावा हात त्यांनी ताठ आडवा धरला होता. आऊट. काकूंनी भुवया उडवल्या. काकांनी हात आणखी ताणला. आऊट, आऊट.

काकूंचं डोकंच फिरलं. त्यांनी फोनवर हात ठेवला. "आता माघार? हो म्हणालात तेव्हा झोपेत होतात का? मी काही ऐकायची नाही. तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन!" आणि फोनमध्ये गोड आवाजात म्हणाल्या, "दे गं बाई. डावा हात. दोन दे. आणि चालायला त्रास आहे म्हणून लिही, पण खाली पुढे दे."

"चाकाची खुर्ची ठेवू का?"

या वेळी काकांनी हात आडवा केला तो काकूंना बरोबर समजला. "नको," त्या म्हणाल्या. "चालत येणार आहेत."

म्हणाल्या खऱ्या, पण चालायचं कसं? मग घरात तालीम सुरू झाली. काकूंनी जेवणाच्या खुर्च्या भिंतीला समांतर ओळीनं मांडल्या आणि मधे स्टेडियममध्ये असते तेवढीच चिंचोळी वाट सोडली. खालच्या मजल्यावरचा इस्त्रीवाला त्यांना आपल्या गाडीनं नेणार होता. त्याला प्रेक्षक म्हणून बसवलं. काकांनी त्याच्या गुडघ्यांसमोरून आडवं सरकत जायचं. इस्त्रीवाल्यानंही भूमिकेचं सोनं केलं.

"ओ मिस्टर, खाली बसा! दिसत नाही आम्हाला!"

"जास्त शहाणपणा नको," काकू म्हणाल्या. पण काका हसले होते. उजवा कोपरा तसाच राहून निम्म्या तोंडानं हसले होते, आणि काकूंना ते निम्मं हसू वर्षाच्या उपवासानंतर मिळाल्यासारखं वाटलं.

जिन्याच्या पायऱ्यांची तालीम मात्र नडली. उजवा पाय आधी टाकला, तो पायरीला अडकला, आणि काका कठड्यावर आदळले. फार लागलं नाही. पण इस्त्रीवाल्यानं त्यांना उचललं तेव्हा शेजारची दारं उघडली होती आणि दारांत माणसं उभी होती. घरी येऊन काका पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले. काकू जवळ गेल्या, तेव्हा त्यांनी न वळताच हात आडवा केला. या आऊटचा अर्थ कुणालाही कळला असता.

काकू पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांना रागवायचं होतं, पण राग येईना.

"ऐका," त्या म्हणाल्या. "मी एकटी जाईन म्हणाले ते खोटं होतं. मी नाही जाणार. मला तिला एकटीला बघायचंच नाही. बूट दिसला तरी आधी तुमच्याकडे बघते मी, तुम्हाला दिसला का म्हणून. तुम्ही पडलात तर मी शेजारी बसेन जिन्यात. लोक बघतील. बघू देत. आयुष्यभर तुम्ही त्यांची टकलं बघितलीत, आणि वर चेष्टा केलीत."

भिंतीकडे तोंड केलेल्या काकांचे खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत ते काकूंना कळेना, आणि बहुतेक काकांनाही कळत नसावं. मग आडवा हात हळूच खाली आला आणि बोट फरशीकडे वळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा जिन्यात होते. या वेळी आधी डावा पाय, काकूंच्या खांद्यावर भार, मग उजवा. उतरताना उलटं. वेळ लागला, पण जमलं.

अंतिम सामन्याच्या दिवशी इस्त्रीवाल्यानं दोघांचे कपडे स्वतः कडक इस्त्री करून आणले आणि गाडी थेट स्टेडियमच्या दारात घातली. आत शिरल्यावर काकू दोन पावलांवरच थांबल्या. एवढं मोठं छप्पर, खाली कुठेच खांब नाही, आणि मधोमध लख्ख उजेडात ते हिरवं कोर्ट, त्यांच्या जेवणाच्या टेबलाएवढं वाटावं इतकं दूर. पायऱ्या उतरायला त्यांनी सावकाश वेळ घेतला. मागे माणसं खोळंबली, पण कुणी आवाज केला नाही. ओळीतले लोक गुडघे बाजूला घेत होते, तालमीतल्या इस्त्रीवाल्यापेक्षा कितीतरी शहाण्यासारखे. शेवटी दोघं जागेवर टेकली. पंच बरोबर डाव्या हाताला होते. काकूंनी विजयी मुद्रेनं नवऱ्याकडे बघितलं.

लाइन जज आले. सगळ्यांचे निळे शर्ट सारखे, घट्ट बांधलेले केस सारखे. पलीकडच्या टोकाला, अगदी त्यांच्या समोर, एक सडपातळ पोरगी खुर्चीवर बसली.

"ती बघा! ती बघा आपली भिंगरी!" काकूंनी काकांना कोपरानं ढोसलं. "किती वाळलीय. काही खाते की नाही!"

काकांनी हात आडवा केला.

"काय आऊट? वाळलीच आहे."

आऊट.

"अहो, तीच आहे ती! माझ्या पोटची पोर मला ओळखू येत नाही?"

काकांनी एक निःश्वास सोडला. मग डावं बोट पुढे केलं आणि हळूहळू खाली आणलं, समोरच्या कठड्याखाली, अगदी त्यांच्या पायाशी म्हणावं इतकं जवळ. तिथे एक लाइन जज त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. तिच्या माथ्यावर, घट्ट ओढलेल्या केसांतही लपत नव्हते असे, शेजारी शेजारी दोन भोवरे होते.

ते दोन भोवरे सबंध गावात एकाच माणसाला पाठ होते. लहानपणी सलूनच्या खुर्चीवर फळी टाकून तिला बसवायचं आणि त्या भोवऱ्यांपाशी कात्री कशी वळवायची याची काकांची दर वेळची झटापट असायची. काकू त्या डोक्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना टेबल आठवलं, मिठाची डबी आठवली, आणि आपण डबीच्या समोर बसलो होतो हेही आठवलं. समोरच्याचा डावा तो आपला उजवा. आरशात बघून केस कापणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

"म्हणजे मी फोनवर होते तेव्हा तुमचा तो आऊट..."

इन.

"आणि मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

इन, काका ठासून म्हणाले.

काकूंना एकदम हसू आलं आणि त्याच्याच मागून रडूही आलं. इतकं सगळं करून पाठच बघायला आलो! एवढा खटाटोप, एवढे जिने, आणि शेवटी मानगूट. पण काकांकडे बघावं तर ते सुखानं मागे टेकून बसले होते. त्यांना मानगूट हवीच होती. तेवढ्यात काकूंच्या लक्षात आलं, की समोर बसलो असतो तर पोरीनं मान वर करताच आपली दोन थोबाडं तिला दिसली असती आणि मग कुणाचा तरी पॉइंट गेला असता. त्यांनी मुकाट्यानं नाक पुसलं.

सामना रंगला असं म्हणतात. काकूंना काही सांगता येणार नाही. त्यांनी बघितलं ते एवढंच, की एका जागी बूड न टेकणारी ती पोरगी हलत नव्हती. सगळं स्टेडियम शटलबरोबर डावीकडे उजवीकडे माना फिरवत होतं, आणि त्यात ते एक डोकं जागच्या जागी होतं. मधूनच हात रेषेकडे जायचा, मधूनच खणखणीत 'आऊट' यायचं. तो आवाज ऐकून काका डोळे मिटून घ्यायचे. घरात आता तेवढा मोठा आवाज कुणी काढत नव्हतं.

अगदी शेवटाकडे एक शटल भिंगरीच्या रेषेवर असं पडलं की कुणालाच कळलं नाही. तिचा हात रेषेकडे गेला. इन. ज्याचा पॉइंट गेला तो खेळाडू दोन्ही हात डोक्याला लावून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या बाजूचे प्रेक्षक उठले. शिट्ट्या सुरू झाल्या, कुणीतरी "आंधळी आहेस का?" असं ओरडलं. काकू ताडकन उठायला निघाल्या, पण काकांनी त्यांचं मनगट धरलं. भिंगरीचा हात तसाच होता. फक्त तिचे दोन्ही कान लालबुंद झाले होते. कात्री कानाजवळ आली की लहानपणी व्हायचे, तसेच. तेव्हा काका म्हणायचे, मी आहे ना गं, हलू नकोस.

आता काकांना ते म्हणता येणार नव्हतं. त्यांनी काकूंचं मनगट सोडलं, डावा हात कठड्यावरून पुढे केला आणि बोट जमिनीकडे धरलं. तिच्या पाठीमागे, तिला दिसत नसताना. पंचांनी मोठ्या पडद्यावर ते शटल पुन्हा दाखवायला सांगितलं. पडद्यावर ते रेषेला टेकलेलं सगळ्यांना दिसलं. शिट्ट्या थांबल्या, टाळ्या सुरू झाल्या. मग भिंगरीनं हात खाली घेतला, आणि तिच्यानंतर काकांनी.

सामना संपला. लाइन जज उभे राहिले, वळले आणि एका रांगेत बाहेर निघाले. मान सरळ ठेवायची, प्रेक्षकांकडे बघायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता. पण बाहेर जायचं दार नेमकं काका-काकूंच्या स्टँडखाली होतं. काकूंना पळता भुई थोडी झाली.

"अहो, वाका! वाका खाली, दिसाल!" त्या पिशवीमागे तोंड लपवून म्हणाल्या.

काका वाकले नाहीत. कठडा धरून, आधी डावा पाय, मग उजवा, असं करत ते उभे राहिले. उभं राहिल्यावर कठडा सोडला आणि हात पुढे केला. सगळीकडे हात हलत होते, हजारो हात, पण बोट जमिनीकडे धरलेला हात एकच होता. तो लाइन जजच्या डोळ्यांतून कसा सुटेल?

भिंगरी थांबली. मागून येणारी सडपातळ पोरगी तिच्या पाठीवर आदळली. भिंगरीला हाक मारायची परवानगी नव्हती, हात हलवायची नव्हती, धावायची तर नव्हतीच. मग तिनं दोन्ही हात उचलले आणि डोळे झाकले. कोर्टवर शटल नव्हतं, सामना कधीच संपला होता, आणि उंच खुर्चीवरून उतरणारे पंच चक्रावून तिच्याकडे बघत राहिले.

"अगं दिसत नाही काय! हे काय, आम्ही इथे आहोत!" काकू पिशवी टाकून उभ्या राहिल्या. खरं तर त्यांनाही काही दिसत नव्हतं, चष्मा सगळा भिजला होता.

काका गडबडले नाहीत. आपल्याला दिसलं नाही तर दुसरं कुणीतरी बघतं, हे त्यांना लेकीनंच शिकवलं होतं. तिनं डोळ्यांवरचे हात काढेपर्यंत त्यांनी आपला हात तसाच जमिनीकडे धरून ठेवला. इन.